‘स्विमिंग पूल तळातून गळतोय’ असं सांगून पूल रिकामा करायला लावणाऱ्यांपासून सावध

पूलमधलं पाणी रोज उतरतंय, म्हणजे तळाला तडा गेलाय, आता सगळं पाणी काढून वॉटरप्रूफिंगच करावं लागेल, असं कोणी तुम्हाला सांगत असेल तर आगाऊ रक्कम हातात ठेवण्याआधी एवढं वाचा. आमच्याकडे असंच सांगून कामाला सुरुवात झाली आणि त्या कामाने चांगल्या धडधाकट पूलचा तळ फुटला. गळती तळाला नव्हतीच. ती होती फिल्टरच्या डोक्यावरच्या व्हॉल्व्हमध्ये, एका रबरी गॅस्केटला, म्हणजे पाणी अडवून धरणाऱ्या रबराला. त्या माणसाला हे माहीत होतं असं मी म्हणते, ते नुसत्या रागापोटी नाही. कारण पुढे येईलच.

पूल समुद्राजवळ आहे आणि पूर्ण उघड्यावर. साधारण आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल, म्हणजे जवळपास ४८,००० लिटर पाणी. देखभाल ज्याच्याकडे होती तो माणूस बोलायला गोड, वेळेवर येणारा, पानं काढून कडा घासून जाणारा. फसवणूक सुरू झाली ती औषधांपासून, आणि ती इतकी हळूहळू झाली की संशयाला जागाच नव्हती.

उघड्या पूलमध्ये नुसतं क्लोरीन टिकत नाही. उन्हातली अतिनील किरणं ते तोडतात, आणि भर दुपारी तासाभरात निम्म्याहून जास्त क्लोरीन नाहीसं होतं. म्हणून पाण्यात सायन्युरिक आम्ल असावं लागतं. स्टॅबिलायझर म्हणतात ते हेच. ३० ते ५० पीपीएमच्या (लिटरला तेवढे मिलिग्रॅम) आसपास असलं की ते क्लोरीनला उन्हापासून सांभाळतं. प्रमाणाबाहेर वाढलं की मात्र क्लोरीन बांधलं जातं, पाण्यात असूनही शेवाळाला पुरं पडत नाही. हे आम्ल उन्हाने जात नाही, वाफ होऊनही जात नाही. काही पाणी काढून नवं भरलं तरच कमी होतं. आमचा माणूस वापरायचा फक्त ट्रायक्लोरच्या टॅब्लेट. त्यांत क्लोरीनबरोबर हे आम्लही असतं. २०० ग्रॅमची एक टॅब्लेट आमच्या एवढ्या पाण्यात ते दोन पीपीएमहून जास्त वाढवते. रोज एक धरली तर महिन्याभरात साठ-सत्तर पीपीएमची भर!

व्हायचं ते झालं. कोपऱ्यांत आणि पायऱ्यांखाली हिरवट झाक दिसू लागली. तो छोट्या नळीत पाणी घ्यायचा, पिवळ्या औषधाचे थेंब टाकायचा आणि गडद पिवळा रंग आमच्यासमोर धरायचा. “ताई, क्लोरीन तर भरपूर आहे. पण तुमच्या पाण्यात शेवाळ मुरलंय.” ती पिवळी चाचणी एकूण क्लोरीन दाखवते. घाम-मळाशी संयोग होऊन निकामी झालेलं क्लोरीनही त्यात मोजलं जातं. मोकळं क्लोरीन किती, जे खरं काम करतं, ते कळायला गुलाबी रंगाची डीपीडी चाचणी लागते. ती त्याने कधी केली नाही. सायन्युरिक आम्लाचं तर नावही काढलं नाही. शेवाळनाशक घ्या, मग फॉस्फेट काढायचं औषध घ्या, मग ‘स्पेशल शॉक’, म्हणजे क्लोरीनचा एकदम मोठा डोस घ्या, असं एकेक गळ्यात मारत गेला. तो शॉक लेबल नसलेल्या पिशवीतून यायचा. नंतर कळलं की ते डायक्लोर होतं, म्हणजे पुन्हा तेच आम्ल, आणि दिलेल्या क्लोरीनच्या हिशेबात ट्रायक्लोरपेक्षाही जास्त. ज्या गोष्टीने पाणी बिघडलं तीच तो औषध म्हणून विकत होता.

दर वेळी पिशवीवरचं लेबल आणि त्यावर छापलेलं रसायनाचं नाव बघायचा हट्ट धरा. हे फक्त पैशांपुरतं नाही. त्याच्या सामानाच्या खोलीत आम्हाला पुढे कॅल्शियम हायपोक्लोराइट (क्लोरीनचंच दुसरं औषध) आणि ट्रायक्लोर शेजारी-शेजारी उघडी सापडली, दोन्हींत मिळून एकच प्लास्टिकचा चमचा. ही दोन एकत्र आली तर आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. घरात लहान मुलं असताना लेबल फाडून रसायनं ठेवणारा माणूस मला पैसे खाणाऱ्यापेक्षा जास्त धोकादायक वाटतो.

यानंतर पाणी उतरू लागलं. उन्हाने आणि वाऱ्याने दिवसाला पाच-सात मिलिमीटर पाणी जाणं गरम हवेत नवल नाही, वारा जोरात असेल तर त्याहूनही जास्त जातं. आमचं त्याच्या कितीतरी पट जात होतं. आमच्या आकाराच्या पूलमध्ये एक सेंटिमीटर पाणी म्हणजे ३२० लिटर, त्यामुळे काळजी वाटणं साहजिक होतं. त्याने लगेच निदान केलं, तळातून जातंय. आणि पुरावाही दाखवला.

हा पुरावा नीट समजून घ्या. त्याने एका सिरिंजमध्ये लाल रंग भरला, पूलमध्ये उतरला आणि तळाच्या जाळीशेजारी टाइल्समधल्या एका सांध्याच्या (ग्राउटच्या) रेघेजवळ रंग सोडला. रंगाची बारीक रेघ क्षणभर तिथेच तरंगली, मग वाकली आणि सरळ खाली ओढली जाऊन दिसेनाशी झाली. “बघा ताई, कसं ओढून घेतंय!” काठावर उभं राहून बघताना ते अगदी खरं वाटतं. रंगाची चाचणी ही खरी चाचणीच आहे, सगळे चांगले कारागीर ती करतात. पण ती पंप बंद करून, पाणी पूर्ण शांत झाल्यावर करायची असते. त्या वेळी पंप चालू होता, आणि तळाच्या जाळीतूनच पंप पाणी खेचतो. तिथे सोडलेला कुठलाही रंग जाळीतच जाणार. तडा असो वा नसो.

गळती आहे की नुसतं बाष्पीभवन, हे ठरवायला बादलीची चाचणी पुरते आणि ती कोणालाही घरी करता येते. बादलीत पूलचंच पाणी भरून ती पूलच्या पायरीवर अशी ठेवायची की तिचा काठ पाण्याच्या वर राहील. बादलीच्या आतल्या पाण्याची पातळी आणि बाहेरच्या पाण्याची पातळी, दोन्हींवर खूण करायची. चोवीस तासांनी दोन्ही बघायच्या. ऊन-वारा दोन्हींना सारखाच लागतो, त्यामुळे बाहेरची पातळी जास्त उतरली तरच गळती. मग हीच चाचणी एकदा पंप चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून करायची. पंप चालू असतानाच जास्त जात असेल तर बहुतेकदा दोष पंपाच्या पुढच्या, दाबाखालच्या भागात असतो. फिल्टर, व्हॉल्व्ह, परतीचे पाइप. दोन्ही वेळा सारखंच जात असेल तर मग भिंती, तळ, स्किमरच्या (वर तरंगणारा कचरा खेचणाऱ्या, भिंतीतल्या खोक्याच्या) तोंडाचा सांधा बघायचा. पाणी उतरत उतरत एखाद्या पातळीला आपोआप थांबलं तर गळती त्याच उंचीला शोधायची. याला ना यंत्र लागतं, ना त्याचा खर्च. पण आमच्या माणसाने बादलीचा विषय निघाला की “ते जुन्या पद्धतीचं, त्यात काही कळत नाही” असं म्हणून तो उडवून लावला.

अर्धी रक्कम आगाऊ घेऊन त्याने पूल रिकामा केला, आणि खरं नुकसान इथे झालं.

समुद्राजवळ जमिनीतलं पाणी फार खोल नसतं, आणि भरतीबरोबर ते वर-खाली होतं. त्यात मोठा पाऊस नुकताच होऊन गेला होता. भरलेल्या पूलमध्ये दीड मीटर पाणी दर चौरस मीटरवर दीड टनाचं वजन टाकून तळ दाबून ठेवतं. ते काढलं, आणि भूजल तळापेक्षा फक्त एक मीटर वर असलं, तरी दर चौरस मीटरला एक टन जोर खालून वर लागतो. रिकामा पूल तेव्हा पाण्यात ठेवलेल्या होडीसारखा वर उचलला जाऊ पाहतो. म्हणूनच जाणकार कारागीर आधी भूजल किती वर आहे ते तपासतो, तळाच्या खड्ड्यातला हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह चालतो का बघतो. खालचा दाब वाढला की हा व्हॉल्व्ह उघडून जमिनीतलं पाणी पूलमध्ये येऊ देतो. दाब जास्त असेल तर असा कारागीर पूल रिकामा करतच नाही. आमच्याकडे तो व्हॉल्व्ह जाळीखाली गाळात रुतून गच्च झाला होता. जाळी उघडून बघण्याचीही तसदी घेतली नव्हती.

रात्री टाइल्सचा कडकड आवाज आला. सकाळी तळाच्या मधोमध टाइल्स एकमेकींना रेटून वर उठलेल्या, आणि फटींतून स्वच्छ पाणी वर पाझरत होतं. तो आला, बघितलं आणि म्हणाला, “बघा, तळ किती कमजोर होता! मी म्हणतच होतो.” स्वतः केलेलं नुकसानच त्याने निदानाचा पुरावा म्हणून पुढे केलं आणि वाढीव कामाचे आणखी पैसे मागितले. मिळालेही, कारण पूल त्या अवस्थेत सोडून देणं शक्य नव्हतं. त्याच्या माणसांनी वरवर टाइल्स बसवल्या, करडा लेप फासला, पूल भरला. पाणी पहिल्यासारखंच उतरत राहिलं. त्यानंतर त्याचे फोन लागेनासे झाले.

दुसरा कारागीर आला तेव्हा त्याने पूलकडे बघितलंही नाही. पहिला प्रश्न विचारला, “पंप चालू असताना जास्त जातं की बंद असताना?” मग तो पंपघराच्या मागे, बॅकवॉशचा, म्हणजे फिल्टर उलट्या प्रवाहाने धुतल्याचं घाण पाणी बाहेर सोडणारा पाइप जिथे गटारात उघडतो तिथे गेला. तिथली जमीन चिंब ओली होती, दगडांवर हिरवं शेवाळ चढलं होतं, आणि फिल्टर साध्या ‘फिल्टर’ स्थितीत चालू असताना पाइपातून करंगळीएवढी धार पडत होती. त्या स्थितीत तिथून थेंबही यायला नको. त्याने पंप बंद करून फिल्टरच्या डोक्यावरच्या, पाण्याची वाट बदलणाऱ्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचं झाकण उघडलं. आत आऱ्या असलेलं एक काळं रबरी गॅस्केट असतं, स्पायडर गॅस्केट म्हणतात. त्याची एक आरी खाचेतून वर आली होती, पीळ पडून फाटली होती. आणि फाटलेल्या जागी पारदर्शक सिलिकॉन लावलेलं होतं.

तो व्हॉल्व्ह आमच्या पहिल्या माणसाशिवाय कोणी कधी उघडलेला नाही. म्हणजे त्याने गॅस्केट बघितलं होतं, फाटलेलं आहे हे त्याला कळलं होतं, त्याने ते चिकटवूनही पाहिलं होतं. आणि तरीही तो लाल रंगाची सिरिंज घेऊन पाण्यात उतरला. ते गॅस्केट फाटण्याचं कारणही बहुधा तोच. मल्टिपोर्टचा दांडा पंप चालू असताना कधीच फिरवायचा नसतो, दाबाखाली गॅस्केटला पीळ बसतो. तो नेहमी चालू पंपावरच फिरवायचा, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय.

पाण्याची तपासणीही याच कारागिराने केली. तळाशी काळा ठिपका असलेल्या नळीत तो गढूळ झालेलं मिश्रण ओतत गेला. ठिपका जिथे दिसेनासा होतो ती खूण म्हणजे आम्लाचं प्रमाण. आमचा ठिपका १०० ची खूण यायच्या आतच नाहीसा झाला, आणि तेही पूल रिकामा करण्याआधी बाटलीत भरून ठेवलेल्या पाण्यात. म्हणजे प्रमाण शंभराच्याही वर.

शिडीबद्दल थोडक्यात सांगते, कारण समुद्रकाठच्या प्रत्येकाला हे लागू आहे. जुनी शिडी गंजली म्हणून आमच्या पहिल्या माणसाने स्टेनलेस स्टीलची ‘३१६ ग्रेडची’ नवी आणली आणि चुंबक लावून दाखवलं, चिकटत नाही म्हणजे अस्सल. ३०४ ग्रेडच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही. फरक मॉलिब्डेनम या धातूचा असतो, ३१६ मध्ये ते दोन ते तीन टक्के असतं आणि खाऱ्या हवेत त्यामुळेच ते तग धरतं. चुंबकाने हे कळतच नाही. थोड्याच दिवसांत जोडांवर तपकिरी डाग उठले. ग्रेड बिलावर लिहून घ्या, आणि पुरवठादाराचं प्रमाणपत्र मागा.

तक्रार केली आहे. ती अडकलीय ती कागदावर. आमच्या करारात ‘गळती दुरुस्ती व वॉटरप्रूफिंग’ एवढंच आहे. गळती कुठे आहे, कोणत्या चाचणीने ठरवली, याचा एक शब्द नाही, त्यामुळे तो आता म्हणतो की तळही गळत होता आणि गॅस्केटही. सिलिकॉन लागलेल्या गॅस्केटचे फोटो, बॅकवॉशच्या धारेचा व्हिडिओ, दुसऱ्या कारागिराचा लेखी अहवाल, हे सगळं जोडलंय, आणि गॅस्केट आम्ही जपून ठेवलंय. बदललेला कुठलाही सुटा भाग कारागिराला परत नेऊ देऊ नका. तुमच्याशी कोणी असं काम ठरवत असेल तर बादलीच्या चाचणीचे पंप चालू आणि पंप बंद असे दोन्ही आकडे, पाइपांच्या दाबचाचणीचा निकाल, आणि पूल रिकामा करण्याआधी हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह तपासल्याची नोंद करारातच त्याच्या सहीने घ्या, आणि त्यानंतरच पहिला हप्ता द्या. तो माणूस आजही याच भागातले इतर पूल सांभाळतो.