बस मार्गांच्या आराखड्यावरची नागरिक सल्लामसलत, सोलापूर : ५ पैकी २ स्टार

हॉटेलचा रिव्ह्यू सगळेच टाकतात, मोबाईलचा टाकतात, पण आपल्याच टॅक्सच्या पैशातून "नागरिकांचा सहभाग" म्हणून जी सर्व्हिस मिळते तिचा कुणी टाकत नाही, म्हणून हा घ्या. कुणी घेतली ते लिहीत नाही, माणसं बदलत राहतात आणि पद्धत बहुतेक ठिकाणी हीच असते.

विषय चांगला होता, त्यात वाद नाही. विजापूर रोड, होटगी रोड, जुळे सोलापूर ह्या बाजूनं वस्ती केवढी वाढली, तर बसचे मार्ग नव्यानं आखायचे, स्टॉप कुठं, फेऱ्या किती, त्यावर लोकांच्या सूचना मागवल्या होत्या. मी हौसेनं गेलो कारण रोज शेअर रिक्षात अर्धा बाहेर लटकत जायचा लै कंटाळा आलाय.

आता टायमिंग बघा, कामाच्या दिवशी सकाळी ११ वाजता. हॉलमध्ये पुढच्या रांगांत माजी पदाधिकारी, दुकानदार संघटनांची मंडळी, मागं रिटायर्ड काका लोक. काकांबद्दल तक्रार नाही, मुद्द्याचं तेच बोलत होते, पण खाली पार्किंगमध्ये नुसत्या स्कूटर. बसची खरी गरज कुणाला? विडी घरकुल ह्या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या बायकांना, वळलेल्या विड्यांची पिशवी घेऊन सकाळी कारखान्यात जमा करायला जातात, तिथं विड्या तपासून मोजून घेतात, मग नवीन पानं-तंबाखू घेऊन घरी येईपर्यंत दुपार होते आणि मजुरी हजार विड्यांवर, त्यामुळं मीटिंगला बसायचं म्हणजे तेवढ्या विड्या कमी. त्यातल्या कितीतरी जणींच्या घरी तेलुगू बोलतात आणि आमच्यासमोर जे प्रेझेंटेशन लावलं होतं ते "इंटिग्रेटेड मल्टिमोडल कनेक्टिव्हिटी" वगैरे. मलाच कळेना तर काय.

नकाशा सेलोटेपनं भिंतीला चिकटवलेला, साइझ म्हणाल तर कॅलेंडरच्या पानाएवढा, सात रस्ता शोधायला नाक लावायची पाळी आली. लाल रेघ कशाची आणि जांभळी कशाची हे जिथं छापलं होतं तो कोपरा नेमका टेपखाली गेलेला. क्यूआर कोड होता, स्कॅन केला तर इंग्लिश फॉर्म, त्यात ईमेल कंपल्सरी.

एक गोष्ट मात्र एकदम फर्स्टक्लास, दोन स्टार तिचेच आहेत. सल्लागार कंपनीकडून आलेली एक तरुण इंजिनीअर पोरगी, ती स्टेज सोडून खाली आली, मोठा ट्रेसिंग पेपर टेबलावर पसरला आणि म्हणाली तुम्ही कुठं चढता, कुठं उतरता ते स्केचपेननं काढा. पंधरा मिनिटांत भाषणं करणारे गप्प आणि मागची मंडळी टेबलाभोवती. एका आजींनी दाखवलं की स्टॉप दवाखान्याच्या पलीकडं आहे आणि मधे दुभाजक, रस्ता ओलांडायला जागाच नाही, वळसा घालून यावं लागतं. तो स्टॉप फायनल आराखड्यात खरंच गेटच्या बाजूला आलाय.

आता मुख्य राहिलं ते हे की ह्या सगळ्याचा उपयोग झाला की नाही हे मोजलं कसं. अहवालात लिहिलंय "उदंड प्रतिसाद", खाली हजेरीचा आकडा, फॉर्म किती आले तो आकडा आणि ग्रुप फोटो. अहो हे तर लग्नाच्या जेवणावळीलाही मोजतात! रो आणि फ्रूअर म्हणून दोन संशोधकांनी २००० साली अशा सहभागाची परीक्षा कशी घ्यायची त्याचे निकषच मांडून ठेवलेत, आलेले लोक खरंच ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांच्यातले होते का, सुरुवातीलाच विचारलं का, त्यांच्या म्हणण्यानं निर्णयात काही फरक पडला का, कारभार उघड होता का. ह्यातलं एकही हजेरीपटावरून कळत नाही. आणि ह्याच विषयावर लिहिणाऱ्या अमेरिकेतल्या शेरी अर्नस्टाइन बाईंनी तर १९६९ मध्येच लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी काढून दाखवली होती, खाली नुसती फसवणूक, वर खरा अधिकार, आणि माहिती देणं, मत विचारणं हे मधल्या पायऱ्यांवर, कारण विचारलं म्हणजे ऐकलं असं नाही. आपली मीटिंग चौथ्या, म्हणजे मत विचारण्याच्या पायरीवर धरतो, ती पण त्या पोरीमुळं.

अमेरिकेत १९९१ च्या वाहतूक कायद्यानंतर ह्याला बरंच वजन आलं, तिथल्या महानगर नियोजन संस्थांना लोकांच्या महत्त्वाच्या सूचना काय आल्या आणि त्यांचं पुढं काय केलं ह्याचा गोषवारा अंतिम आराखड्यातच जोडावा लागतो, शिवाय आपली लोकसहभागाची पद्धत कितपत लागू पडते तेही अधूनमधून तपासावं लागतं. आपल्याकडं पण अगदीच काही नाही असं नाही, १९६६ च्या एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात शहराच्या विकास आराखड्यावर हरकती मागवून, समितीपुढं सुनावणी घेऊन अहवाल द्यायची सोय आहे. ह्या बस मार्गांच्या मीटिंगनंतर मात्र कुणाला दोन ओळींचं उत्तरसुद्धा आलं नाही.

म्हणून मीच केलं. मीटिंगमध्ये कोण काय म्हणालं ते वहीत उतरवलं होतं, फायनल आराखडा आल्यावर एकेक मुद्दा ताडून बघितला. स्टॉपचं झालं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत शिफ्ट सुटते त्या वेळेला बस पाहिजे, हा मुद्दा गायब. रात्री उशिराच्या गाडीनं स्टेशनवर उतरणाऱ्यांसाठी शेवटची फेरी, "विचाराधीन". गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या बाजूचे रस्ते भरून जातात तेव्हा मार्ग कुठून वळवणार ते आधीच छापा, एका रिक्षावाल्यानं सांगितलेलं, माझ्या मते सगळ्यात भारी सूचना, तिचा उल्लेखच नाही. आणि जे मार्ग बदलले ते का बदलले, कुणाच्या सांगण्यावरून, त्याचाही पत्ता नाही. बहुतेक मुख्य मार्ग मीटिंगच्या आधीच ठरले होते, मग आम्हाला बोलावलं ते वरातीमागून घोडं.

पुढच्या राउंडला जाणार असाल तर तोंडी बोलून येऊ नका, मिनिट्समध्ये ते "नागरिकांनी विविध सूचना केल्या" एवढंच होतं. अर्ज मराठीत लिहा, एका अर्जात एकच मुद्दा, आवक-जावकला देऊन झेरॉक्सवर शिक्का आणि नंबर घ्या. शेजारच्या विडी कामगार मावशी येऊ शकत नसतील तर त्यांचा अर्ज तुम्ही लिहून सही-अंगठा घेऊन न्या. आणि पाण्याची बाटली घरून न्या, तिथला फिल्टर बंद होता.