पंचायतीला उभं राहायचं, की बाहेर राहून प्रार्थना करायची? सीमाभागातल्या विश्वासणाऱ्यासाठी

ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली की खानापूर-निपाणीकडचा एखादा तरुण हमखास विचारतो, "दादा, फॉर्म भरू का? घरचे म्हणतात, विश्वासणाऱ्यानं राजकारणात पडू नये." विश्वासणारा म्हणजे आपल्यातला ख्रिस्ती माणूस. आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, यावर तीन मतं आहेत. राजकारणापासून लांब राहावं, हे एक. ज्यानं त्यानं स्वतःच्या जबाबदारीवर उतरावं, हे दुसरं. आणि सगळ्या मंडळीनं मिळून एकाच्या मागं उभं राहावं, हे तिसरं. तिन्ही मी जवळून पाहिली आहेत.

लांब राहणाऱ्यांना भित्रं समजू नका. ब्रदरन या प्रोटेस्टंट परंपरेत मतदानालाही न जाणारी माणसं आहेत. प्रभू येशूनं रोमी सुभेदार पिलातासमोर आपलं राज्य या जगाचं नाही असं सांगितलं (योहान 18:36), ते ही माणसं रोजच्या जगण्यात पाळतात. त्यांच्या प्रार्थनासभेत सीमाप्रश्नावरून आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. आपल्या भागात ही लहान गोष्ट नव्हे.

पण राजकारण त्यांना सोडत नाही. कर्नाटकचं धर्मांतरविरोधी विधेयक डिसेंबर 2021 मध्ये विधानसभेत मंजूर झालं ते आपल्याच बेळगावच्या सुवर्ण सौधमध्ये. 2022 मध्ये त्याचा कायदा झाला, 2023 मध्ये नव्या मंत्रिमंडळानं तो मागं घ्यायचं ठरवलं. या सगळ्या काळात मतदान न करणाऱ्यांच्या घरगुती प्रार्थनासभांनाही घोर लागून राहिलाच होता. गावपातळीवर तर प्रश्न आणखी साधा असतो. दफनभूमीची जागा कुठे, तिथवर रस्ता आहे का, उताऱ्यावर नोंद कुणाची? माणूस गेल्यावर घरात प्रेत ठेवून पीडीओला (पंचायत विकास अधिकाऱ्याला) फोन लावणारा मुलगा मी पाहिलाय. त्या वेळी पंचायतीत आपल्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं. यिर्मया संदेष्ट्यानं बंदिवासात गेलेल्यांना सांगितलं की ज्या नगरात आहात त्याचं हित पाहा (यिर्मया 29:7). मला वाटतं त्या हितात गटारं, पाणी आणि दफनभूमी सगळं येतं.

तिसरं मत ऐकायला जोरदार वाटतं: "आपण थोडे आहोत, एकगठ्ठा राहिलो तरच कुणी विचारील." माझा याला ठाम विरोध आहे. एक तर कायदा. धार्मिक स्थळाची जागा राजकीय प्रचारासाठी वापरायला 1988 च्या कायद्यानं बंदी आहे. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात धर्माच्या नावानं मत मागणं भ्रष्ट आचरण ठरतं, आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानं बहुमतानं त्याची व्याप्ती वाढवली. पण मला कायद्यापेक्षा दुसरं दुःख मोठं वाटतं. एका मंडळीत निवडणुकीआधी प्रार्थनेतच उमेदवाराचं नाव घेतलं गेलं. पुढच्या रविवारी दोन बाक रिकामे होते. उमेदवार पडला, पाच वर्षं उलटली, ती कुटुंबं अजून परतलेली नाहीत.

याउलट 1 नोव्हेंबर 2015. हा कर्नाटकचा राज्योत्सव, आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस. त्या वर्षी तो दिवस रविवारी आला, महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन, ख्रिस्ताच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकर आणि पेला घ्यायचा विधी. शिवाय मराठी आणि कानडी उपासना एकत्र ठेवली होती. एक काका शर्टाला काळी फीत लावून आले होते. शेजारी बसलेल्या अण्णांच्या गळ्यात राज्योत्सवाची लाल-पिवळी शाल. पेल्यांचं ताट आधी काकांकडे आलं. त्यांनी स्वतःचा पेला घेतला नाही. दोन्ही हातांनी ताट अण्णांसमोर धरलं. अण्णांनी शाल मागं सारली, पेला उचलला, मग ताट स्वतः धरून काकांना दिलं. आदल्या संध्याकाळी चौकात दोघांत कडाक्याचं भांडण झालेलं मला ठाऊक होतं.

म्हणून माझा कौल दुसऱ्या मताला. प्रत्येकानं आपलं मत बाळगावं, उघड मांडावं, निवडणूक लढवावी, पण प्रभुभोजनाचं मेज सगळ्यांचं राहू द्यावं. ही वाट आपल्याला नवी नाही. याच बेळगावात 1831 मध्ये जन्मलेल्या बाबा पदमनजींनी विधवांच्या हालांवर कथा लिहिली. पंडिता रमाबाई 1889 मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला गेल्या. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये 'देवाचा दरबार' उभा केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. कॅथलिक मंडळीत तर ही विभागणी नियमानंच केलेली आहे: याजकानं सत्तेचं पद घ्यायचं नाही, प्रापंचिकांनी सार्वजनिक जीवनात उतरायचं.

उतरायचं ठरलं तर ग्रामपंचायत ही सुरुवातीला बरी जागा. कर्नाटकात ती पक्षचिन्हावर लढली जात नाही, त्यामुळे पक्षाची गाठ गळ्यात पडत नाही. मंडळीच्या कमिटीवर सेक्रेटरी किंवा खजिनदार असाल तर आधी ते पद सोडा. आरक्षण नीट पाहा. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. हा अन्याय आहे असं मी मानतो. तरी जुना दाखला जोडून राखीव जागेवर उभं राहू नका. निवड रद्द होईल, आणि आपली साक्षही जाईल. मागासवर्गाचा कोणता दाखला आपल्याला लागू होतो ते तहसील कचेरीत विचारून घ्या.

आणि फॉर्म भरण्याआधीच्या रविवारी, उपासना सुटल्यावर, ज्याचं मत तुमच्या विरोधात जाणार हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे त्याच्या घरी जा. चहा घ्या, उभं राहतोय म्हणून सांगा, आणि त्याचं मत न मागता त्याच्याबरोबर प्रार्थना करून या.