पुरसभेचा गाळा: अकरा वर्षं भाडं भरणाऱ्या शिंपिणीचा अभिप्राय

गावाचं नाव घालत नाही. बेळगाव जिल्ह्यातलं, दुचाकीवर अर्ध्या तासात महाराष्ट्राची हद्द लागते असं गाव. भाजी मार्केटच्या मागं पुरसभेचं, म्हणजे आमच्याकडच्या नगरपालिकेचं, दुमजली व्यापारी संकुल आहे, त्यात वरच्या मजल्यावर माझा गाळा. अकरा वर्षं तिथं ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. महिन्याचं भाडं आता २,३५० रुपये. अनामत म्हणून ४० हजार भरले होते, ती पावती अजून कपाटात आहे. पुढच्या लिलावात गाळा घ्यायचा विचार असलेल्या दोघी-तिघींनी विचारलं, म्हणून लिहिते.

जागा चांगली. बाजाराच्या दिवशी खेड्यातल्या बायका एसटीतून उतरून सरळ वर येतात, माप देतात, बाजार करून जाताना ब्लाऊज घेऊन जातात. खिडकी उत्तरेला, दिवसभर डोळ्याला त्रास न देणारा उजेड. खासगी इमारतीत एवढ्या भाड्याला अशी जागा मिळणार नाही. पहाटे सहाच्या आत जिना आणि व्हरांडा झाडून घेणाऱ्या पौरकार्मिक बायकांना मी पूर्ण गुण देते.

आता स्लॅब. जूनच्या दुसऱ्या पावसापासून माझ्या मशीनच्या बरोबर वर गळतं. नुसतं पाणी असतं तर घमेलं ठेवून भागलं असतं. आतली सळी गंजलीय, त्यामुळे थेंब तांबूस पडतो. दोन वर्षांपूर्वी एका लग्नाच्या घरचा गुळेदगुड्डचा खण कापून ठेवला होता. सकाळी कुलूप काढलं तर पाठीच्या तुकड्यावर हाताच्या अंगठ्याएवढा डाग. लिंबू लावलं, मीठ लावलं, गेला नाही. त्या रंगाचा खण शोधून पदरच्या पैशानं भरून दिला. त्या दिवशी मी अर्ज घेऊन पुरसभेत गेले.

मुख्याधिकारी म्हणाले, दुरुस्ती बजेटमध्ये धरलीय. आमचे नगरसेवक म्हणाले, "अक्का, ह्या मार्चपर्यंत थांबा की, करून देतो." मार्च गेला. मग मी २०२५ च्या मार्चमध्ये बजेटच्या सभेला जाऊन मागच्या बाकावर बसले. आयव्यय पत्रक कन्नडमध्ये होतं. कन्नड मला दुकानाच्या पाट्यांपुरतं वाचता येतं, म्हणून नववीतल्या मुलाला शेजारी बसवलं आणि तो ओळीवर बोट ठेवून सांगत गेला. शेवटी 'उळिताय' लिहिलं होतं, म्हणजे शिल्लक.

शिल्लक कशी, ते जमेच्या पानावर समजलं. गाळ्यांचं भाडं आणि मागची थकबाकी सगळी वसूल होणार असं धरूनच बेरीज केलेली. मागच्या वर्षी तसंच धरलं होतं, आलं त्यातलं थोडं. जमेला पैसा आला नाही की खर्चातून आधी दुरुस्ती जाते, कारण पगार आणि पंपांचं वीजबिल थांबवता येत नाही, आणि सरकारचं अनुदान ज्या कामाला आलंय त्यालाच लागतं. पुरसभेच्या हातात मोकळा पैसा म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि आमची भाडी. तोच येत नाही.

का येत नाही हे संकुलात सगळ्यांना ठाऊक आहे. खालच्या मजल्यावरचे रस्त्याकडचे मोठे गाळे ज्यांच्या नावावर आहेत त्यातले काही तिथं बसतच नाहीत. त्यांनी दुसऱ्याला दिलेत, त्याच्याकडून चढं भाडं घेतात आणि पुरसभेचं बाकी ठेवतात. ती माणसं कुणाची आहेत विचारलं तर सभागृहातल्या दोन्ही गटांतली नावं निघतात. म्हणून त्या सभेत पथदिव्यांवर आणि आपापल्या वॉर्डातल्या गटारीवर तासभर भांडणं झाली, पण थकबाकीच्या ओळीवर २३ सदस्यांतलं एकही बोललं नाही. आमदार-खासदारही पुरसभेचे सदस्य असतात, अध्यक्षाच्या निवडीला त्यांचं मत असतं. बजेटच्या दिवशी दोघांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

मला राग याचा येतो, की माझ्या घरपट्टीला हा सैलपणा नाही. एप्रिलमध्ये भरली तर ५ टक्के सूट, जूननंतर महिन्याला २ टक्के दंड. एका वर्षी सासूबाईंच्या आजारपणात राहून गेली, तर तीन महिन्यांचा दंड मोजून भरला. कायदा आहे, भरला, तक्रार नाही. मग तोच हिशोब खालच्या मजल्याला लावा.

मधल्या काळात विचारायलाही कुणी नव्हतं. अध्यक्षपदाच्या आरक्षणाचा वाद कोर्टात गेला आणि २०२३ पासून सव्वा वर्ष आमच्याकडे प्रशासक. नगरसेवक निवडून आलेले, पण सभागृह बंद. तेव्हाचे अर्ज कुणाच्या टेबलावर गेले ते आजही सापडत नाही.

आपल्या माणसांबद्दलही बोलते. २००५ साली बेळगाव महापालिकेनं महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला, महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बेंगळूरमध्ये काळं फासलं, मग महापालिकाच बरखास्त झाली. ते आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही. मराठी बोलणारा माणूस सभागृहात हवा म्हणून मी दर वेळी मत देते आणि पुढंही देईन. पण निवडून आल्यावर त्याच माणसाला "अण्णा, भाड्याची बाकी किती वसूल झाली?" असं आमच्या गल्लीत कुणी विचारत नाही. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "अक्का, तुम्ही यात कशाला पडताय वो?" मी अकरा वर्षं भाडं भरते, म्हणून पडते. आयव्यय पत्रक मराठीतून मागायचं तेही याचसाठी, माझ्या मुलाचं बोट न धरता मला ती ओळ वाचता यावी.

वसुली विभागातल्या एका बाईंनी मात्र माझ्या गाळ्याचा पूर्ण खातेउतारा न कुरकुरता काढून दिला आणि दुरुस्तीचा अर्ज आवक नोंदवहीत लिहून नंबर हातात दिला. तोवर माझ्या कुठल्याच अर्जाला नंबर नव्हता.

पाचात दोन गुण. एक जागेला, एक झाडणाऱ्या बायकांना आणि त्या बाईंना मिळून.

गाळा घ्यायचाच असेल तर वरच्या मजल्यावर पश्चिमेच्या टोकाचे तीन सोडून घ्या. लिलाव उन्हाळ्यात लागला तरी भिंतीवरचे पावसाळ्यातले ओघळ बघा, रंग नवा असेल तर जास्तच बघा. अनामतीच्या पावतीच्या दोन झेरॉक्स ठेवा. भाडं चलनानंच भरा, घरी येणाऱ्या कुणाच्या हातात देऊ नका. आणि मशीन खिडकीकडं लावा. माझं आता तिथंच आहे, घमेलं मधोमध.