परदेशी टीमकडून दस्त तपासून घेताना: नऊ महिन्यांचा अनुभव

आमची अमेरिकेतली फर्म तीन वकिलांची. एका व्यापारी दाव्यात समोरच्या पक्षाने ईमेल आणि दस्त मागितले आणि अशिलाकडून हार्ड डिस्क भरून माल आला. तिघांनीच वाचायचं ठरवलं असतं तर बाकीच्या अशिलांना रामराम ठोकावा लागला असता. म्हणून पहिला रिव्ह्यू, म्हणजे कुठला दस्त द्यायचा आणि कुठला राखायचा याची पहिली छाननी, भारतातल्या एका कंपनीला दिला.

आधी नियमांचं, कारण बरेच जण इथेच बिचकतात. असं काम बाहेर देता येतं, हे अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेने २००८ च्या ०८-४५१ क्रमांकाच्या मतात सांगितलंय. पण देखरेख आणि जबाबदारी वकिलाचीच. अशिलाची गोपनीय माहिती बाहेर जाणार असेल तर आधी संमती घ्या, असं न्यूयॉर्क शहरातल्या वकिलांच्या संघटनेने, न्यूयॉर्क सिटी बारने, २००६ मध्येच म्हटलं होतं. आम्ही ती लेखी घेतली. सही करता करता अशिलाने विचारलं, "मग बिल कमी येणार ना?" रास्त प्रश्न. वेगळा करार नसेल तर खर्च म्हणून लावताना प्रत्यक्ष पडलेली रक्कम आणि वाजवी वरखर्च एवढंच लावता येतं. आम्ही पडलं तेवढंच लावलं. हीच कंपनी समोरच्या पक्षाचं काम करत नाही ना, हेही विचारून घ्या.

काम बरं होतं. संध्याकाळी पाठवलेली बॅच सकाळी टॅग होऊन यायची. नोव्हेंबरात इथली घड्याळं मागे गेली, साडेनऊ तासांचं अंतर साडेदहा झालं, आणि आठवडाभर रोजचा कॉल कोणी ना कोणी चुकवत होतं.

खरा दणका दुसऱ्या महिन्यात बसला. संचालक मंडळाच्या इतिवृत्तात एका प्रस्तावापुढे लिहिलं होतं 'टेबल्ड'. टीमच्या सारांशात आलं, "प्रस्ताव बैठकीत मांडला." अमेरिकेत याचा अर्थ नेमका उलटा: प्रस्ताव बाजूला ठेवला, लांबणीवर टाकला. त्यावर चर्चाच झाली नव्हती, हा तर आमच्या बचावाचा कणा. रात्री सहज नमुना चाळताना नजरेस पडलं म्हणून वाचलो. गंमत म्हणजे सारांश लिहिणाऱ्या मुलीचं इंग्रजी चुकलं नव्हतं. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत 'टेबल्ड' म्हणजे मांडलेलाच. मी तिला सांगायला हवं होतं, ते माझ्या डोक्यातच राहिलं होतं. ०४/०५ म्हणजे चार मे नव्हे, पाच एप्रिल, हेही मग टीमसाठीच्या मॅन्युअलमध्ये गेलं.

दुसरी चूक तर शंभर टक्के आमची. वकील-अशील गोपनीयतेखाली राखायचे ईमेल ओळखता यावेत म्हणून टीमला वकिलांच्या नावांची यादी दिली होती, कंपनीच्या सध्याच्या डिरेक्टरीवरून काढलेली. अशिलाच्या कंपनीतल्या एका वकीलबाईंचं आडनाव लग्नानंतर बदललेलं. जुन्या आडनावाचे चाळीसएक ईमेल बिनदिक्कत 'द्यायचे' या ढिगात पडले. ते गेले असते तरी अमेरिकेच्या संघीय पुरावा नियमांतल्या ५०२(डी) खालचा आदेश आम्ही कोर्टाकडून आधीच घेतला होता, म्हणजे गोपनीयतेचा हक्क गेला नसता. पण समोरच्या वकिलाने वाचलेलं न वाचलेलं थोडंच होतं? आता गोपनीयतेचा शेवटचा निर्णय इथेच होतो.

त्याच टीमकडून कायद्याच्या संशोधनाचा एक मेमो करून घेतला. नेटका होता, पण आमचे न्यायाधीश कुठल्या मुद्द्यावर वैतागतात ते त्यात कुठून येणार! पुन्हा दिला नाही.

पैसा वाचला का? वाचला. फक्त पहिले दोन महिने समजावण्यात आणि तपासण्यात माझे इतके तास गेले की तेव्हा विचारलं असतंत तर मी नाहीच म्हटलं असतं.

सहाव्या महिन्यात टीममधले दोघे सोडून गेले आणि नव्या माणसाच्या पहिल्याच बॅचमध्ये 'टेबल्ड' पुन्हा 'मांडला' होऊन आला. मॅन्युअल होतं, वाचलं कोणी नव्हतं. करार वाढवलाय, पण नवा माणूस आला की आधी माझे वीस दस्त तपासून दाखवायचे. पहिला दस्त ते इतिवृत्त.