नव्या तळ्यात मासे आणि कमळे : पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

इंदूरहून सांवेरकडे जाताना रस्त्यालगतच आमचे वडिलोपार्जित शेत आहे. त्याच्या सखल कोपऱ्यात गेल्या उन्हाळ्यात सुमारे ३ गुंठ्यांचे तळे खणून घेतले. मत्स्यव्यवसाय करायचा नव्हता. घरापुरते मासे मिळावेत आणि काठाशी कमळे फुलावीत, एवढीच अपेक्षा होती. पावसाळा, हिवाळा आणि निम्मा उन्हाळा पाहिल्यानंतरचे माझे मत असे, की दोन्ही गोष्टी एकाच तळ्यात साधतात. मात्र वनस्पती आधी रुजलेल्या हव्यात आणि तळ उकरणारा मासा त्यात नको.

माळव्यातली काळी माती पाणी चांगले धरते, पण तिच्याखाली मुरूम लागला की झिरपा सुरू होतो. म्हणून खणताना बाजूला काढलेली मातीच तळाशी पुन्हा पसरून, ओली करून धुमसून घेतली. प्लॅस्टिकचा कागद टाळल्यामुळे झिरपा पूर्ण थांबला नाही, पण वनस्पतींना मुळे धरायला जागा मिळाली, आणि तो व्यवहार मला परवडला. पाणी साचण्यापूर्वी हेक्टरी २५० किलोंच्या हिशेबाने सात-आठ किलो चुना तळावर भुरभुरला आणि नंतर कुजलेले शेणखत टाकले. पहिल्या पावसाचे पाणी दुधाच्या चहासारखे गढूळ होते. ते निवळून त्यावर हिरवट छटा येईपर्यंत मासे सोडण्याची घाई करू नये. त्यासाठी उपकरणाची गरज नाही. कोपरापर्यंत हात बुडवावा. तळवा अंधुक होत जेमतेम दिसेनासा झाला, तर माशांना पुरेसे प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, म्हणजे माशांचे नैसर्गिक खाद्य) तयार झाले असे समजावे. तळवा बोटांच्या रेषांसकट स्वच्छ दिसत असेल, तर पाणी अजून उपाशी आहे.

वनस्पतींमध्ये कमळ, कुमुद, काठावर वेखंड आणि पाण्याखाली सेराटोफायलम व व्हॅलिस्नेरिया लावले. कमळाचे कंद पसरट घमेल्यांत मातीखाली ठेवून वर जाड खडीचा थर दिला, आणि हीच सर्वांत उपयोगी तजवीज ठरली. थंडीत कमळाची पाने करपली, तेव्हा घरच्यांना ते मेले असे वाटले. प्रत्यक्षात कंद विश्रांती घेत होता आणि ऊन तापताच नवी पाने वर आली. वाळलेली पाने मात्र पाण्यात कुजू देऊ नयेत. जलपर्णी कोणी फुकट दिली तरी घेऊ नये, कारण ती पाहता पाहता सारा पृष्ठभाग झाकून टाकते. चांगल्या वनस्पतींनाही तळ्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग देऊ नये, असे मी सांगेन. रात्री त्यासुद्धा प्राणवायू वापरतात, आणि ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंडे उघडून श्वासासाठी धडपडताना दिसतात.

माशांच्या बाबतीत सर्वत्र कटला, रोहू आणि मृगळ या त्रिकुटाची शिफारस होते, कारण कटला वरच्या थरात, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी चरतो. मोठ्या तळ्यासाठी ती योग्यच आहे. आमच्यासारख्या लहान तळ्यात मृगळ चिखल उकरतो, पाणी गढूळ करतो आणि कोवळी रोपे उपटतो. म्हणून मृगळ नको असे स्पष्ट सांगूनही विक्रेत्याने दिलेल्या रोहूच्या पिशवीत तो मिसळलेला निघाला. बोटुकलीच्या, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लाच्या, वयात हा फरक चटकन कळत नाही; कटल्याचे मोठे डोके आणि वर वळलेले तोंड ओळखू येते, पण रोहूची झालरदार ओठांची कड पाहायला मासा हातात धरून निरखावा लागतो. निवडून घेण्याचा आग्रह धरावा, विक्रेता कुरकुरला तरी. हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी १९५७ साली ओडिशात संप्रेरकाच्या इंजेक्शनने त्यांचे प्रजनन यशस्वी केले, तेव्हापासून नदीतून गोळा केलेल्या मत्स्यबीजावरचे (माशांच्या पिल्लांवरचे) अवलंबित्व सुटू लागले. तरी आपल्या तळ्यासाठी बीज विकतच घ्यावे लागते.

हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकल्यांचे प्रमाण सांगितले जाते. आम्ही खालची मर्यादा धरून दीडशेच्या आसपास सोडल्या. पिशवी आधी वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून, तळ्यातले पाणी तिच्यात थोडे थोडे मिसळून मगच मासे मोकळे केले. डासांच्या बंदोबस्तासाठी गॅम्बुसिया हा छोटा परदेशी मासा आणण्याचा सल्ला अनेकांनी दिला. तो अळ्या खातो, तशीच इतर माशांची अंडी आणि पिल्लेही खातो, म्हणून त्याऐवजी इथलेच रासबोरा आणि डॅनियो हे छोटे मासे आणले आणि डासांची तक्रार उरली नाही. कडाक्याच्या थंडीत मासे पेंड जवळजवळ खात नाहीत, तेव्हा खाद्य कमी करावे. त्याच दिवसांत पाणकावळ्यांनी बऱ्याच बोटुकल्या फस्त केल्या. तळ्यावर आडव्या-उभ्या दोऱ्या ताणल्यावर त्यांचा उपद्रव पुष्कळ घटला.

आता उन्हाने पाणी खाली गेले आहे आणि ट्यूबवेलचे पाणी दगडांवरून फेसाळत पडेल असे सोडतो, कारण जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. पाणी असे उथळ आहे तोवरच जाळे टाकून मृगळ वेचून काढायचे ठरवले आहे.