उधाणाच्या भरतीवर बंदरात: एका पायलट सेवेविषयी अभिप्राय

रत्नागिरी जिल्ह्यातील एका खासगी बंदरात डिसेंबरमध्ये कोळशाने भरलेले जहाज नेताना मी त्यावर सेकंड ऑफिसर होतो. तेथील पायलट सेवेविषयी, म्हणजे जहाजावर येऊन ते बंदरात नेण्यास मार्गदर्शन करणाऱ्या स्थानिक जाणकारांच्या सेवेविषयी, हा अभिप्राय आहे.

पायलट शिडीने वर आले आणि सुकाणूची आज्ञा देण्यापूर्वी कॅप्टनसमोर नकाशा उघडून चॅनेलची (बंदराकडे जाणाऱ्या जलमार्गाची) ताजी खोली, भरतीची उंची, टग (जहाज ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या बोटी) कोठे बांधायचे आणि इंजिन बंद पडल्यास जहाज कोणत्या बाजूच्या मऊ गाळात टेकवायचे, हे त्यांनी सांगून टाकले. ही शेवटची गोष्ट आपणहून सांगणारे पायलट मला फार थोडे भेटले आहेत.

गाळ उपसून केलेल्या अरुंद वाटेत वेग हाच मोठा धोका असतो. तळ जवळ असला की जहाजाखालचे पाणी वेगाने मागे जाते, दाब घटतो आणि जहाज आणखी खाली बसते. त्यालाच स्क्वॉट म्हणतात. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आमच्यासारख्या भरगच्च बांध्याच्या बल्क कॅरियरसाठी (सुटा माल नेणाऱ्या जहाजासाठी) ढोबळ सूत्राने अरुंद चॅनेलमध्ये 10 नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) तो सुमारे 1.6 मीटर, तर 5 नॉटला जेमतेम 0.4 मीटर येतो, आणि नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, अधिक जाणवतो. आमच्या तळाखाली उधाणाच्या भरतीवरही दीड मीटरच पाणी होते. पायलटांनी वेग 6 नॉटच्या वर जाऊ दिला नाही. मंद जहाजाला खाडीच्या मुखाशी प्रवाह बाजूला ढकलतो, म्हणून टग मात्र त्यांनी बरेच आधी बांधून घेतला. लाल बोये डावीकडे, हिरवे उजवीकडे ठेवत आम्ही मध्यरेषेवर राहिलो.

वाटेत मच्छीमारांची जाळी होती. पायलटांच्या लाँचवरच्या सारंगाने (बोट चालवणाऱ्याने) पुढे जाऊन तांडेलांना (मच्छीमार बोटींच्या प्रमुखांना) त्यांच्याच बोलीत हाक मारली आणि वाट मोकळी झाली. रेडिओवरच्या इंग्रजीने हे साधले नसते.

एक उणीव गंभीर वाटली. आम्हाला आधी पाठवलेला खोलीचा तक्ता पावसाळ्यापूर्वीचा होता. पावसाळ्यात नदी गाळ आणून ओतते, त्यामुळे मे महिन्यातील आकडे डिसेंबरमध्ये ग्राह्य धरता येत नाहीत. नवा तक्ता पायलटांच्या हाती होता, पण मार्गाची आखणी मी जुन्यावर केली होती आणि ती ब्रिजवर (जहाज चालवण्याच्या कक्षात), शेवटच्या अर्ध्या तासात बदलावी लागली. येथे येणाऱ्या नॅव्हिगेटरांनी पावसाळ्यानंतरच्या मोजणीचा तक्ता एजंटकडून आधीच मागवून घ्यावा.