"लिथियम हलकंच असतं, ताई"

रात्री दोनच्या सुमारास बायकोने हलवून उठवलं. "अहो, काहीतरी जळतंय." दापोलीजवळ कर्द्याला एका वाडीत आमची जुनी ईको गाडी उभी होती. मागच्या सीटा काढून आत गादी टाकलेली, पायाशी तीस लिटरचा कंप्रेसरवाला कूलबॉक्स. त्याच्यात संध्याकाळी हर्णैच्या लिलावातून घेतलेली सुरमई. त्या वेळी बायको म्हणाली होती, बर्फ घेऊ या. मी म्हटलं, फ्रिज आहे ना!

टॉर्च लावला तर कूलबॉक्सवर आकडा 17 डिग्री. कंप्रेसर 'टक्' करून चालू व्हायचा आणि दोन सेकंदांत बंद, परत 'टक्'. लायटर सॉकेटमधली पिन ओढली तर तिच्या प्लॅस्टिकची च्युइंगगमसारखी तार निघाली आणि दोन बोटं भाजली. गादीची कड तिथून वीतभर लांब. मुलगी त्याच कडेला झोपलेली.

आता हे कसं घडलं ते सांगतो.

कूलबॉक्स चांगला होता, त्याची काही तक्रार नाही. त्याआधी एक चार हजारांचा घेतला होता, तो कंप्रेसरवाला नव्हता. आत फक्त पंखा आणि एक गार होणारी चकती. असले डबे बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस डिग्रीच खाली जातात. म्हणजे 38 च्या उन्हात आत वीसेक डिग्री, आणि वीज मात्र सतत खातात. विकणारे त्यालाही 'फ्रिज'च म्हणतात. पण ती फसवणूक छोटी.

मोठी झाली बॅटरीत. गाडीच्या बॅटरीवर रात्रभर कूलबॉक्स चालवला तर सकाळी स्टार्टर फिरत नाही, म्हणून वेगळी बॅटरी हवी होती. पुण्यात कॅम्पिंगच्या गाड्यांचं काम करणारं एक दुकान आहे, नाव लिहीत नाही. त्याने पत्र्याचा सुबक निळा बॉक्स दाखवला, वर स्टिकर: 'लिथियम 12 व्होल्ट 100 एएच'. (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप.) वायरिंग धरून 24 हजार. बायकोने बॉक्स उचलून पाहिला आणि सहज म्हणाली, "अगंबाई, केवढा हलका!" दुकानदार हसला. "लिथियम हलकंच असतं, ताई. म्हणून तर महाग."

या वाक्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पचलं. शंभर एएचची लेडची बॅटरी पंचवीस-तीस किलोची असते. तेवढीच लिथियम आयर्न फॉस्फेटची साधारण दहा ते तेरा किलो भरते. आमचा बॉक्स नंतर किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला, साडेसहा किलो. तेव्हाच काट्यावर ठेवला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

बिलाचं म्हणाल तर, "पक्कं हवं असेल तर 18 टक्के वर." मी शहाणपणा करून कच्ची चिठ्ठी घेतली. तीवर लिहिलेलं: बॅटरी बॉक्स, नग 1. एएच नाही, लिथियम नाही, काही नाही. पैसे यूपीआयने दिले, तेवढंच नशीब.

सकाळी दापोलीत एका वायरमनकाकांकडे गेलो. त्यांनी आधी वायर हातात घेतली, ब्लेडने तार खरवडली आणि माझ्यासमोर धरली. वरून तांबूस, आत पांढरीफटक. "हे तांबं नाही हो. अॅल्युमिनियमवर मुलामा दिलाय." वायरवर '2.5' छापलेलं, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची तार, आतली एकचीही धड नसेल. मग जळकं सॉकेट कापून त्यांनी स्वतःची बॅटरी त्याच वायरला जोडली, कूलबॉक्स चालू केला आणि मीटर लावला. बॅटरीवर 12.5 व्होल्ट, कूलबॉक्सच्या टोकाला 11.2. पाच मीटरमध्ये सव्वा व्होल्टच्या वर गायब! कूलबॉक्सला व्होल्टेज कमी पडलं की तो स्वतःला वाचवायला बंद होतो, भार गेला की व्होल्टेज वर येतं, तो परत चालू होतो. रात्रीची टकटक ती.

सॉकेट वितळलं ते पिन ढिली होती म्हणून. अशी ढिली जोडणी तापते, पण करंट नेहमीचाच वाहतो, त्यामुळे फ्यूज असता तरी तो उडाला नसता, हे काकांनी मुद्दाम सांगितलं. पण फ्यूज नव्हताच. बॅटरीच्या प्लसपासून थेट पाच मीटर वायर, पत्र्याच्या धारेवरून. "ती धार वायरीत घुसली असती तर?" एवढं विचारून ते चहा सांगायला गेले. फ्यूज बॅटरीला अगदी चिकटून, वीतभर अंतराच्या आत हवा. कूलबॉक्सच्या टोकाला लावलेला फ्यूज मधल्या वायरला वाचवत नाही.

परत येईपर्यंत दुपार झाली. वाडीच्या काकूंनी सुरमईचे कल्ले उघडून पाहिले आणि काही न बोलता मांजरांना हाक मारली.

घरी आल्यावर बॉक्स पूर्ण चार्ज केला आणि त्याला हेडलाइटचा 55 वॉटचा बल्ब जोडला. बल्ब ताशी साडेचार एएच खातो, म्हणजे शंभरचा बॉक्स बावीस तास तरी चालायला हवा. शेजारी घड्याळ ठेवून व्हिडिओ काढला. पाच तास वीस मिनिटांनी बल्ब गेला. चोवीस एएच. मग झाकणाचे स्क्रू काढले. आत निळ्या टेपने बांधलेले, लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्यांतून निघतात तसले बोटाएवढे सेल. काहींवर आधीच्या वेल्डिंगचे व्रण. उरलेल्या जागेत थर्माकोल आणि वजनासाठी चिकटवलेला पेव्हर ब्लॉकचा तुकडा.

दुकानदार म्हणाला, "बॉक्स उघडलात, वॉरंटी गेली." नंतर म्हणाला, तुमच्या फ्रिजचाच फॉल्ट. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, व्हिडिओ आणि यूपीआयची नोंद जोडली. कच्च्या चिठ्ठीने तिथे बरंच दमवलं, कारण 100 एएच विकल्याचं कागदावर कुठेच नव्हतं. दुकानात काढलेल्या एका फोटोत बायकोच्या मागे स्टिकर दिसत होता, तो कामी आला. शेवटी 15 हजार परत मिळाले. मी जिल्हा ग्राहक आयोगात जायला हवं होतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्कही नाही. पण कंटाळलो, खरं सांगायचं तर.

आता घेतलेली बॅटरी काट्यावर तोलून, बल्ब लावून, पक्क्या बिलावर एएच लिहून घेऊन मगच गाडीत चढवली. वायर खरवडून पाहिली तेव्हा नवा दुकानदार जरा रागावला. रागावू दे. लायटर सॉकेट काढून टाकलं, आता घट्ट बसणारा कनेक्टर आहे.

जुना बॉक्स पहिल्या दुकानदाराने परत घेतला, पण आतला पेव्हर ब्लॉक माझ्याकडेच राहिला. चढावर गाडी लावली की मागच्या चाकाला तोच लावतो.